जाईबाईंचे वर्षाचे पाच

जाईबाई ठार बहिऱ्या आहेत, असं मानपाडा रोडवरचे निम्मे लोक शपथेवर सांगतात. त्या गाणी ऐकतच नाहीत म्हणे. अल्बमचं पोस्टर बघतात, गायकाचा फेटा पटला की नंबर लावून टाकतात. पुरावा मागितला तर दोन वर्षांपूर्वीचा दाखला तयार असतो: एका गायकाने झकास निळा फेटा बांधून फोटो काढलेला आणि तो जाईबाईंच्या यादीत दुसरा आलेला. ही बातमी सगळ्यात जिव्हाळ्याने कोण पसरवतं, तर ज्यांचा नंबर कधीच लागत नाही ते गायक.

खरं एवढंच, की त्यांचा डावा कान गेलाय. एमआयडीसीत पत्रा कापायच्या मशीनशेजारी चौदा वर्षं काढली, त्यात तो गेला. उजवा शाबूत आहे, आणि दोघांचं काम एकटा करतो म्हणून जास्तच तिखट झालाय. शेजारणीच्या कुकरचं झाकण नीट बसलेलं नाही, हे त्या आपल्या खोलीत बसून सांगतात. फेटेवाल्याचं म्हणाल तर त्याचं पोस्टर त्यांनी पाहिलंच नव्हतं. नंतर तो विहारात पाया पडायला आला तेव्हा त्यांनी विचारलं, "कोण रे तू?"

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर दीप्तीताईंचं पोळी-भाजी केंद्र आहे. दीप्तीताई निवृत्त मुख्याध्यापिका. ऑर्डरसुद्धा हजेरी घेतल्यासारखी पुकारतात. तिथे प्रीती पोळ्या लाटते आणि जाईबाई भाकऱ्या थापतात, दिवसाला दीडशे. थापताना गाणी चालू. फोन स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा करायचा, डबा उजव्या कानाच्या बाजूला ठेवायचा, आवाज असा घुमतो की स्पीकर झक मारेल. एप्रिलात जयंतीच्या आधी आणि डिसेंबरात सहा तारखेच्या आधी नव्या अल्बमांची रांग लागते, ते सगळे त्या डब्यातून जातात. आता कॅसेट नाही, सीडी नाही. अल्बम म्हणजे यूट्यूबवरची सहा-सात गाणी आणि विहारात हार घालून केलेलं प्रकाशन. पण जाईबाई पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमाने ऐकतात, मधलं एक सोडत नाहीत, आणि प्रत्येक अल्बम तीनदा.

"पहिल्यांदा चाल कळते," त्या म्हणतात. "दुसऱ्यांदा शब्द. माणूस कळायला तिसऱ्यांदा लावावं लागतं."

परीक्षा तव्यावर होते. त्यांचा हात मशीनसारखा चालतो: थापली, उचलली, टाकली, पाणी फिरवलं, उलटली. पण एखादं गाणं आत शिरलं की हात तिथल्या तिथे थांबतो, नजर भिंतीवर जाते आणि तव्यावरची भाकरी करपते. करपली की अल्बम पास. वर्षभरात ज्याने जास्त भाकऱ्या करपवल्या तो वर. करपलेल्या भाकऱ्या त्या स्वतः घरी नेऊन खातात, त्यामुळे दीप्तीताईंनी कधी हरकत घेतली नाही. आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी विहाराच्या फळ्यावर पाच नावं लागतात. नऊ वर्षं लागतायत. वर लिहिलेलं असतं, 'जाईबाईंचे वर्षाचे पाच'.

आठ वर्षं त्या यादीने कुणाचं काही वाकडं केलं नाही की भलं केलं नाही. लोक वाचायचे, भांडायचे, वंदना करून घरी जायचे. नवव्या वर्षी जयंती समितीने ठराव केला: येत्या जयंतीच्या स्टेजवर यादीतले पाचच गाणार.

आणि नेमका त्याच वर्षी सम्यकने अल्बम काढला.

सम्यक म्हणजे जाईबाईंच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता. दप्तर आणि दम्याचा पंप घेऊन मावशीकडे आला, तो तिथलाच झाला. आता तेवीसचा आहे, कोपरीला मोबाईलच्या दुकानात आहे. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी कल्याणच्या एका स्टुडिओत जाऊन त्याने सहा गाणी केली. अल्बमचं नाव 'उजेडवाट'. प्रकाशनाला जाईबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, नवी साडी नेसून. टाळ्या वाजवल्या. घरी येऊन गाण्यांबद्दल मात्र एक अक्षर बोलल्या नाहीत. सम्यकनेही विचारलं नाही. त्याला माहीत होतं, अजून तीनदा व्हायचंय.

तो शेवटचा रविवार उजाडला तेव्हा चार नावं पक्की होती.

पहिला खडवलीचा धोंडिबा. वय अडुसष्ट, अल्बमचं नाव 'हाक', घरच्याच खोलीत रेकॉर्ड केलेला. तिसऱ्या गाण्यात मागे कुकरची शिट्टी होते ती तशीच ठेवलीय. अकरा भाकऱ्या करपल्या. दुसऱ्या, कल्याण पूर्वच्या चार नर्सबाई, 'चार पाळ्या'. "बाकीचे रमाईला नुसते रडवतात," जाईबाईंचं मत, "ह्या तिला हसवतात पण." तिसरा कोपरीचा ऋतुराज, रॅपवाला. त्याचे शब्द इतके भरभर की जाईबाईंनी ते निम्म्या वेगाने लावून ऐकले. "भांडतोय. पण खरं भांडतोय." चौथी होती कल्पिता, मानपाड्याची, हळदीची गाणी गाणारी. यादीत भीमगीतंच हवीत असं जाईबाईंनी कधी म्हटलेलं नव्हतं.

पाचवा कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त जाईबाईंना माहीत नव्हतं.

'उजेडवाट' दोनदा ऐकून झाला होता. दोन्ही वेळा एकही भाकरी करपली नाही. सगळ्या गोल, पांढऱ्या, टम्म फुगलेल्या. जाईबाईंच्या भाकऱ्या इतक्या चांगल्या कधी होत नाहीत. त्या एकेक डब्यात रचताना जाईबाई उलटून बघत होत्या, कुठे काळा डाग दिसतो का.

दुपारी चारला समितीचा सचिव सुमित दारात आला. सुमित एकट्या माणसाशीही माईकसमोर उभं राहिल्यासारखा बोलतो.

"मावशी, या ठिकाणी मला पाच वाजता यादी लागेल. साडेपाचला वंदना आहे, त्या ठिकाणी जाहीर करायचीय."

"सुमित, या ठिकाणी तवा तापलाय. बाजूला हो."

"नाही, मी काय म्हणतो, हळदीचं गाणं जयंतीच्या स्टेजवर..."

"तिला विचार, बाबासाहेबांचं येतं का. येत असेल. तिच्या आज्याने बाबासाहेबांची सभा ऐकलेली."

"हो का? मग त्या ठिकाणी तसं बोलता येईल." सुमित जरा घुटमळला. मग माईक खाली ठेवल्यासारखा आवाज उतरला. "आणि पाचवा मावशी... म्हणजे सम्यकच ना? पोरांनी बॅनरला फोटो दिलाय."

परातीतलं पीठ जाईबाईंनी पुन्हा मळायला घेतलं. ते आधीच मळून झालेलं होतं.

दीप्तीताईंनी आतून पुकारलं, "जाईबाई! आपली यादी आपण सावकाश लावा, परंतु पाच वाजता चाळीस ज्वारीच्या जायच्या आहेत. बारशाची ऑर्डर आहे. लक्षात आहे ना?"

"आहे ताई."

"आणि आज कृपा करून करपवू नका."

हे ऐकून प्रीतीने लाटणं थांबवलं आणि ती जाईबाईंकडे बघायला लागली. प्रीतीला 'उजेडवाट'ची सहाच्या सहा गाणी पाठ होती, कडव्यांसकट. का होती, ते तिला विचारायची कुणाची टाप नव्हती.

सव्वाचारला सम्यक आला. पलीकडे पिठाच्या पिंपावर बसला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. त्याने फोन काढला, परत ठेवला.

"जेवलास?" जाईबाई.

"हं."

"काय?"

"मावशी, लाव ना."

जाईबाईंनी हात पुसले, फोन डब्यात उभा केला आणि तिसऱ्यांदा 'उजेडवाट' लावला.

पहिलं गाणं. थाप, उचल, तवा, पाणी, उलट. हात चालत राहिला. आवाज स्वच्छ होता, काचेसारखा; ढोलकी जिथल्या तिथे, कोरस जिथल्या तिथे. दुसरं गाणं. सहा भाकऱ्या झाल्या. सुमित दारात उभा राहून घड्याळाकडे बघत होता. सम्यक तव्याकडे बघत होता. जाईबाईंना त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून त्या भिंतीकडे बघत होत्या, आणि मनातल्या मनात आपल्याच हाताला म्हणत होत्या, थांब ना रे. एकदा थांब. एका भाकरीने काय होतंय.

हात थांबत नव्हता. त्यांना खोटं थांबवता आलं असतं. कुणाला कळलं असतं? त्यांच्याशिवाय कुणालाच नाही. दोनदा त्यांनी तसं करून बघितलंही, भाकरी उलटायला मुद्दाम उशीर केला. पण बोटं आपोआप पुढे गेली.

तिसरं गाणं सुरू झालं. जाईबाईंना वाटलं, ह्यात काहीतरी आहे. त्या कान डब्याकडे नेऊन वाकल्या, पाठ तव्याकडे झाली. कडवं संपलं, पुढचं सुरू होणार तेवढ्यात...

"करपली!" प्रीती ओरडली. "जाईमावशी, करपली! वास येतोय!"

तव्यावरून धूर निघत होता. सम्यक पिंपावरून उठला. सुमितने टाळीच वाजवली. "या ठिकाणी अभिनंदन करतो!" दीप्तीताई "अहो बारशाची ऑर्डर!" म्हणत बाहेर आल्या, आणि सम्यकचं तोंड बघून त्यांनाही हसू आलं. तेवीस वर्षांचा घोडा, पण डोळे नऊ वर्षांच्या पोराचे झाले होते.

जाईबाईंनी भाकरी उचलली. तळहातावर घेऊन फिरवून पाहिली. वरून पाहिली, खालून पाहिली. मग मधोमध मोडली.

विसरलेली भाकरी कशी करपते, ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती सावकाश, सगळीकडून सारखी तांबूस होत जाते आणि आतून पुरी भाजलेली असते. ही मधे कोळशासारखी काळी होती, कडा पांढऱ्याफटक, आणि आत पीठ कच्चं.

त्यांनी वाकून बर्नरकडे पाहिलं. ज्योत तव्याच्या बाहेर आली होती.

"गॅस कोणी वाढवला?"

गाणं तेवढं चालू होतं. प्रीतीची मान खाली गेली, ती इतकी खाली की लाटणं नाकाला लागलं असतं.

"प्रीती, पोरी." जाईबाई रागावल्या नव्हत्या. "तुझ्या पोळ्या मी कधी बिघडवल्या का?"

"सॉरी मावशी. मला वाटलं... एकच तर पाहिजे होती."

सम्यकने फोन डब्यातून उचलला आणि गाणं बंद केलं. केंद्रात फक्त गॅसचा आवाज राहिला. जाईबाईंनी तो बारीक केला.

"म्हणजे नाही," सम्यक म्हणाला.

"सम्या..."

"नाही ना? सांग ना. सगळ्यांसमोर सांग. सीन काय आहे मावशी तुझा? काय कमी आहे? सूर गेलाय? ताल गेलाय? शब्द तूच वाचले होतेस रेकॉर्डिंगच्या आधी, चांगले म्हणालेलीस."

"शब्द चांगले आहेत."

"मग?"

जाईबाईंना सांगायचं होतं, पण कसं ते त्यांना त्या मिनिटापर्यंत कळलं नव्हतं. तव्याकडे बघत बघत त्या बोलल्या. "माझा हात कुठे थांबतो माहितेय? गाणारा श्वास घेतो ना, तिथे. तो थांबतो म्हणून मी थांबते. तुझ्या सहा गाण्यांत तू श्वासच घेत नाहीस. दोनदा शोधला, आज तिसऱ्यांदा शोधत होते. हाताला थांबायला जागा नाही रे. कुठे गेले तुझे श्वास?"

सम्यक लालबुंद झाला. मग म्हणाला, "कापले."

"कापले?"

"मीच सांगितलं स्टुडिओवाल्याला. म्हटलं सगळे साफ कर. तू ऐकलेस का ते माईकवर? घरघर येते. म्हाताऱ्यासारखी. लोक हसले असते."

"म्हातारा पहिल्या नंबरावर बसलाय."

सुमितला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात घातलं.

"तू नऊ वर्षांचा होतास," जाईबाई म्हणाल्या, "तेव्हा हा उजवा कान तुझ्या छातीला लावून मी श्वास मोजायचे. एक आला की दुसऱ्याची वाट बघायचे. मला तुझी घरघर माहितेय. तीच नाही म्हटल्यावर मला कसं कळणार, गातंय कोण?"

"ते घरचं आहे. हे स्टेजचं आहे. तुला एक नंबर द्यायचा होता मावशी, एक. पाचवा. शेवटचा." त्याचा आवाज चढला आणि श्वास लागला, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तो सगळ्यांना ऐकू आला, म्हणून त्याला आणखी राग आला. "मी आज घरी येणार नाही. कोपरीला मित्राकडे जातोय. वाट बघू नको."

"पंप घेतलास का?"

तो निघून गेला. जाईबाई दारापर्यंत गेल्या. रिक्षा दिसेनाशी झाली तरी तिथेच. पाच वाजायला सात मिनिटं होती.

"मावशी," सुमित हळूच म्हणाला. 'या ठिकाणी' विसरला होता. "अजून वेळ आहे. लिहून टाका ना. प्रीती काय बोलणार नाही, मी काय बोलणार नाही. पोरगा आहे तुमचा."

"म्हणून तर."

दीप्तीताईंनी ऑर्डरच्या वहीतलं पान फाडून दिलं. जाईबाईंनी पीठ लागलेल्या हाताने लिहिलं. एक, धोंडिबा. दोन, चार पाळ्या. तीन, ऋतुराज. चार, कल्पिता. मग पाचचा आकडा लिहिला आणि पेन तिथेच धरून उभ्या राहिल्या. दुसरं कुणाचं नाव घालावं तर वर्षभरात दुसऱ्या कुणाची भाकरी करपली नव्हती. सम्यकचं घालावं तर पुढच्या वर्षीपासून त्या यादीवर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नसता. त्यांनी पेन दीप्तीताईंना परत दिलं.

"पाचच्या पुढे काही नाही," सुमित कागद उलटसुलट करत म्हणाला.

"नाही."

"अहो, पण फळ्यावर वाचताना काय म्हणू? पाच नंबर, कोणी नाही?"

"जे आहे ते म्हण."

साडेपाचला विहारात तसंच वाचलं गेलं. जयंतीच्या बॅनरवर तोवर सम्यकचा फोटो छापून आलेला होता, तो बॅनर पोरांनी गुंडाळून कपाटावर ठेवला. जाईबाई वंदनेला मागच्या रांगेत बसल्या. त्यांच्याशी कुणी भांडलं नाही, आणि भांडणारे गप्प बसले म्हणजे काय समजायचं ते त्या समजल्या. बारशाच्या चाळीस भाकऱ्या मात्र वेळेवर गेल्या. एकही करपलेली नव्हती.

ती रात्र आणि सोमवार त्यांनी फोनवर काढला. फोन लावायच्या, वाजायच्या आधी कापायच्या.

सोमवारी संध्याकाळी मी डबा न्यायला खाली गेले. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, आमच्याकडे सोमवारी भाकरी असते. जाईबाईंचं तोंड बघून मला गप्प बसायला हवं होतं. पण मला ते जमत नाही.

"मावशी, सम्यकदादा आता काय येत नाही," मी म्हटलं. "रिकामी जागा सोडलीत तुम्ही. त्यापेक्षा दुसऱ्याचं नाव घातलं असतंत तर बरं. एप्रिलपर्यंत तरी विसरा."

जाईबाई भाकऱ्या मोजत होत्या. "बुधवारच्या आत येईल."

"शक्यच नाही."

"माफी मागायला नाही यायचा. भांडायला येईल. लाव पैज."

"लावली. मी जिंकले तर?"

"महिनाभर रोज एक पिठलं-भाकरी, फुकट. आणि मी जिंकले तर महिनाभर तू माझी नक्कल करायची नाही. कुणासमोरच नाही. प्रीतीसमोर पण नाही."

हे मात्र लागलं. जाईबाई एक कान पुढे करून "काय?" कशा म्हणतात, ते करून दाखवलं की अख्खा जिना हसतो, माझं ते हुकमाचं पान आहे. पण मला खात्री होती. मी हातावर हात मारला.

मंगळवारी बारा चाळीसला, डब्यांच्या ऐन गर्दीत, सम्यक केंद्रात घुसला. डोळे तारवटलेले, शर्ट रविवारचाच.

"तिसऱ्या गाण्यात एक श्वास राहिलाय!" त्याने फोन जाईबाईंच्या उजव्या कानाला लावला. "स्टुडिओवाल्याकडून सुटलेला. कडवं संपल्यावर. दोन मिनिटं चौदा सेकंद. तू म्हणतेस सहा गाण्यांत एकपण नाही. तू नीट ऐकलंच नाहीस मावशी!"

"ऐकला."

"काय ऐकला!"

"त्याच्याचसाठी वाकले होते मी डब्यापाशी. तेवढ्यात ही बया ओरडली, करपली म्हणून." प्रीती पोळीच्या मागे लपली. "मग परत लावून नीट ऐकला, विहारातून आल्यावर. चांगला आहे. तुझाच आहे."

"मग?"

"एका श्वासावर नंबर लागत नाही. बाकीचे आण, पुढच्या वर्षी बघू."

"आणतो," सम्यक म्हणाला. "कापलेले सगळे त्याच्याकडे पडलेत. सगळे घालून देतो. मग करपव किती करपवायच्या त्या." अजून रागातच होता. पिंपावर बसला, आणि रागातच म्हणाला, "काय आहे जेवायला?"

जाईबाईंनी ताट वाढलं. मग रांगेत डबा घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

पैजेचा महिना संपायला अजून सव्वीस दिवस आहेत. जिन्यात पोरं रोज मागे लागतात, एकदा 'काय?' करून दाखव, आणि मी मान हलवते. लिहायचं नाही असं मात्र काही ठरलं नव्हतं.